समुद्रात दोन जहाजं धडकली, तर चूक कुणाची? एआयएस, व्हीडीआर आणि टक्क्यांचा हिशोब

लालबागच्या पुलाखाली संध्याकाळी सात वाजता टॅक्सी आणि बाईक घासली, की निकाल पाच मिनिटांत लागतो. गर्दी जमते, त्यातला एक काका "मागून ठोकलं ना? मग चूक मागच्याचीच" असं जाहीर करतो, दोघं एकमेकांना चार शब्द ऐकवतात आणि सिग्नल सुटतो.

समुद्रात हे चालत नाही. तिथे काका नसतो, रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नसतात, आणि धडक झाल्यावर थोड्याच वेळात पाणी असं दिसतं की जणू काही झालंच नाही. तरीही कोर्टाला शेवटी सांगावं लागतं की या जहाजाची चूक इतके टक्के, त्या जहाजाची इतके टक्के. हे टक्के येतात कुठून? त्यामागची टेक्नॉलॉजी काय आहे? आणि ज्याच्या होडीवर यातलं एकही यंत्र नाही, त्याचं काय होतं? हे सगळं आज बघूया. उदाहरण लांबचं नाही, आपल्याच मुंबई बंदराच्या तोंडावरचं आहे.

७ ऑगस्ट २०१०, शनिवार

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास 'एमएससी चित्रा' हे कंटेनर जहाज न्हावा-शेव्याहून म्हणजे जेएनपीटीमधून बाहेर पडत होतं. 'खलिजिया-३' हे मालवाहू जहाज मुंबई बंदराकडे आत येत होतं. चित्रावर पनामाचा झेंडा, खलिजियावर सेंट किट्स अँड नेव्हिसचा. दोन्ही बंदरांत जाण्या-येण्याचा समुद्री रस्ता सुरुवातीला एकच आहे. त्या रस्त्यावर दोघं धडकले.

चित्रा एका बाजूला कलंडली. त्यावर १,२००हून जास्त कंटेनर होते. त्यातले शेकडो घसरून समुद्रात पडले. ३१ कंटेनरमध्ये कीटकनाशकांसारखा धोकादायक माल होता. चित्रावरच्या ३३ जणांना सुखरूप बाहेर काढलं गेलं, ही त्यातली एकमेव चांगली बातमी. इंधनाच्या टाक्या फुटून सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज होता. तरंगणारे कंटेनर रस्त्यातच असल्यामुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेलाचा थर उरण, घारापुरी, अलिबागच्या किनाऱ्यांना आणि खारफुटीला लागला.

मी तेव्हा शाळेत होतो. मला जहाज आठवत नाही, बाजार आठवतो. गटारीचा वीकेंड होता तो. दोन-तीन दिवसांत श्रावण लागला, त्यामुळे आमच्या घरी तसेही मासे बंद झाले. पण जे श्रावण पाळत नाहीत त्यांनीही मासे घेणं थांबवलं, कारण समुद्रात तेल आणि कीटकनाशक गेलंय, मासळी खाऊ नका, असं सगळीकडे बोललं जात होतं. टोपली भरलेली आणि समोर गिऱ्हाईक नाही, अशा बसलेल्या मावश्या मला अजून दिसतात. त्यांचा या दोन जहाजांशी काडीचा संबंध नव्हता. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पोलिसांनी (मुंबई बंदराचं यलोगेट पोलीस ठाणं) दोन्ही जहाजांच्या कॅप्टनवर गुन्हा नोंदवला. एकावर नाही, दोघांवर. रस्त्याच्या अपघाताची सवय असलेल्या आपल्याला हे विचित्र वाटतं, पण समुद्राच्या नियमांत त्याला अर्थ आहे.

'कोण कोणावर आदळलं' हा प्रश्नच चुकीचा

जगभरातली जहाजं टक्कर टाळण्यासाठी एकच नियमावली पाळतात. १९७२ साली ठरली, १९७७ पासून लागू आहे, आणि दर्यावर्दी मंडळी तिला 'कोलरेग्ज' म्हणतात. युद्धनौका असो की तेलवाहू टँकर, नियम तेच. नौदलाचं जहाज आहे म्हणून आपोआप पुढे जायचा हक्क मिळत नाही.

त्यातले आपल्या कामाचे नियम थोडक्यात असे. समोरासमोर येत असाल तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. मागून ओलांडत असाल तर ओलांडणाऱ्याने बाजूने जायचं. अरुंद जलमार्गात आपल्या उजव्या कडेला चिकटून चालायचं. (म्हणजे आपल्या रस्त्यांच्या बरोबर उलट, समुद्रात सगळं जग 'कीप राइट' आहे.) आणि दोन जहाजं आडवी एकमेकांचा मार्ग कापत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज दिसतंय त्याने बाजू द्यायची. दुसऱ्याने मात्र आपली दिशा आणि वेग तसाच ठेवायचा.

रात्रीचे दिवेही याच हिशोबाने लावलेले असतात. प्रत्येक जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. तुमच्या उजवीकडून कुणी आडवं येत असेल, तर तुम्हाला त्याची डावी बाजू दिसते, म्हणजे लाल दिवा दिसतो. लाल दिसला, तुम्ही बाजू द्या. त्याला तुमचा हिरवा दिसतो, तो चालत राहतो. बॅटरी नाही, नेटवर्क नाही, अपडेट नाही, आणि प्रोटोकॉल शंभरेक वर्षं चालू आहे. मला तर याचा हेवा वाटतो.

पण खरी मेख पुढे आहे. नियम इथेच थांबत नाहीत. तुमचा हक्क असला तरी समोरचा हलत नाहीये असं दिसलं, तर तुम्हीही टक्कर टाळायला हालचाल करू शकता. आणि एका टप्प्यानंतर, जेव्हा फक्त त्याच्या वळण्याने भागणार नसतं, तेव्हा ती करावीच लागते. सतत नजर ठेवणं, परिस्थितीला शोभेल इतकाच वेग ठेवणं, उपलब्ध साधनांनी धोका ओळखणं, हे दोघांवरही बंधनकारक आहे. 'माझा सिग्नल हिरवा होता' एवढं सांगून कॅप्टनला सुटता येत नाही. म्हणूनच बहुतेक टकरींमध्ये दोन्ही बाजूंच्या काही ना काही चुका निघतात.

म्हणजे चौकशीचा प्रश्न बदलतो. कोण आदळलं, हे बाजूला राहतं. कुणाला काय, किती मिनिटं आधी दिसत होतं आणि त्याने काय केलं, हे शोधायचं असतं.

दादरच्या पुलावरचं गणित

धोका 'दिसतो' म्हणजे काय? हे समजायला बोटीत बसायची गरज नाही. दादरच्या पादचारी पुलावर जा. तुम्ही सरळ चाललाय, आणि उजवीकडच्या जिन्यावरून एक माणूस तिरका येतोय. चालता चालता तो तुमच्या नजरेत पुढे सरकत असेल, तर तो तुमच्या पुढून जाणार. मागे सरकत असेल तर मागून. पण तो नजरेच्या त्याच कोनात राहून फक्त मोठा मोठा होत असेल, तर तुम्ही दोघं आपटणार.

समुद्रात याला 'स्थिर बेअरिंग' म्हणतात, आणि कोलरेग्जमध्ये टकरीचा धोका ओळखायची हीच मूळ खूण दिली आहे. दिशा तीच, अंतर कमी होतंय, म्हणजे धोका.

आकड्यात बघा. तुमचं जहाज उत्तरेकडे १२ नॉटने चाललंय. (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर.) दुसरं जहाज तुमच्यापासून ४ मैल पूर्वेला आणि ४ मैल उत्तरेला आहे, आणि १२ नॉटने पश्चिमेकडे येतंय. आत्ता ते तुमच्या उजवीकडे ४५ अंशांवर आहे. १० मिनिटांनी तुम्ही २ मैल वर गेलात, ते २ मैल आत आलं. आता ते २ मैल पूर्वेला, २ मैल उत्तरेला. कोन पुन्हा ४५ अंश! अजून १० मिनिटांनी अंतर शून्य.

जहाजावरचा रडार कॉम्प्युटर हेच गणित सतत करत असतो आणि प्रत्येक जवळच्या जहाजासमोर दोन आकडे दाखवतो. एक सीपीए, म्हणजे हे जहाज जास्तीत जास्त किती जवळ येईल. दुसरा टीसीपीए, म्हणजे ते किती मिनिटांनी होईल. वरच्या उदाहरणात सीपीए शून्य मैल, टीसीपीए २० मिनिटं. ज्यांनी बारावीला व्हेक्टर केलेत त्यांच्यासाठी: सापेक्ष स्थान आणि सापेक्ष वेग यांचा डॉट प्रॉडक्ट घ्या, वेगाच्या वर्गाने भागा, चिन्ह उलटं करा. झालं टीसीपीए. तेव्हा 'हे कुठे कामाला येणार' म्हणत होतो ना आपण, ते इथे.

२० मिनिटं खूप वाटतात. पण भरलेलं मोठं जहाज पूर्ण वेगातून थांबायला सहज दोन-तीन किलोमीटर घेतं आणि त्या काळात ते नीट वळतही नाही. त्यामुळे कोर्टात शेवटच्या दोन मिनिटांना फारशी किंमत नसते. तेव्हा सगळेच ओरडत असतात. किंमत असते ती त्याआधीच्या पंधरा-वीस शांत मिनिटांना.

ती मिनिटं परत मिळवायची कशी? आता यंत्रांकडे येऊ.

एआयएस: जे तुमच्या फोनवरही दिसतं

आज रात्री मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा आणि फोनवर 'मरीनट्रॅफिक' किंवा 'व्हेसलफाइंडर' उघडा. समोर दिसणाऱ्या दिव्यांची नावं, वेग, झेंडा, कुठे चाललेत, सगळं येईल. ही माहिती येते एआयएसमधून. जहाजावरचा एक ट्रान्समीटर व्हीएचएफ रेडिओवरून स्वतःची ओळख, जीपीएस स्थान, वेग आणि दिशा प्रसारित करत राहतो. चालू जहाज वेगानुसार दर २ ते १० सेकंदांनी, नांगरलेलं दर ३ मिनिटांनी. प्रत्येक जहाजाला नऊ आकडी ओळखक्रमांक असतो. भारतीय जहाजांचा ४१९ने सुरू होतो.

आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या ३०० टनेजवरच्या जहाजांना एआयएस सक्तीचं आहे. त्यामुळे टक्कर झाली की किनाऱ्यावरच्या केंद्राकडे दोन्ही जहाजांचा मार्ग जवळपास सेकंदासेकंदाला साठलेला असतो. कुणी म्हणालं "मी कडेनेच चाललो होतो", तर नकाशावर रेघ काढून दाखवता येते.

मग चौकशी संपली? नाही. एआयएस जहाज कुठे होतं ते सांगतं. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, कुणाच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगत नाही. शिवाय त्यातली काही माहिती माणसाने हाताने भरलेली असते. 'नांगरलेलं आहे' असं स्टेटस बदलायचं राहून गेलेलं आणि खरं तर १२ नॉटने पळणारं जहाज बघायला मिळणं अजिबात दुर्मीळ नाही. (व्हॉट्सॲपवर 'ॲट द मूव्हीज' स्टेटस पाच वर्षं ठेवणारे मित्र आठवा.) आणि फोनवरच्या फुकट ॲपमधली माहिती उशिराने येऊ शकते, सिग्नल न पोचल्यास मधले तुकडे गाळलेले असतात. ती बघायला मजा येते, पण पुरावा म्हणून मूळ रेकॉर्डच लागतं.

व्हीडीआर: जहाजाचा ब्लॅक बॉक्स

खरा खजिना व्हॉयेज डेटा रेकॉर्डरमध्ये असतो. ब्रिजवरचे माइक, रेडिओवरचं बोलणं, रडारच्या पडद्याची चित्रं, सुकाणूला दिलेला हुकूम आणि सुकाणू प्रत्यक्षात किती वळलं, इंजिनला दिलेला हुकूम, स्थान, वेग, सगळं त्यात जातं. म्हणजे "मी उजवीकडे वळ म्हणालो होतो" हे वाक्य खरंच उच्चारलं गेलं का, किती वाजता, कोणत्या आवाजात, आणि त्यानंतर किती सेकंदांनी सुकाणू हललं, हे ऐकता आणि बघता येतं.

पण एक भानगड आहे. व्हीडीआर जुनं पुसून त्यावर नवं लिहीत जातो. आपल्या सोसायटीच्या सीसीटीव्हीसारखंच. चित्राच्या काळातल्या यंत्रांसाठी किमान १२ तास साठवण्याची अट होती. जुलै २०१४ पासून बसवलेल्या यंत्रांच्या सुरक्षित कॅप्सूलमध्ये ४८ तास आणि आतल्या मेमरीत ३० दिवस ठेवावे लागतात. टक्कर झाली की कॅप्टनने रेकॉर्डिंग 'सेव्ह' करायचं असतं. आग, गळती, जखमी माणसं यांच्या गोंधळात ते बटण राहून गेलं आणि जहाज चालूच राहिलं, तर जुन्या यंत्रावर दुसऱ्या दिवशी महत्त्वाचा भाग गेलेला असायचा. बटण विसरलं की मुद्दाम दाबलं नाही, हा मग नवा वाद.

आता मला सगळ्यात आवडणारी अडचण. समजा दोन्ही जहाजांचे व्हीडीआर मिळाले, बंदराच्या वाहतूक केंद्राचं रडार आणि रेडिओ रेकॉर्डिंग मिळालं, एआयएस मिळालं. चार लॉग, चार घड्याळं. एक यूटीसीमध्ये, एक भारतीय वेळेत, एक जीपीएसवरून जुळलेलं, आणि एक मशीन-रूममधलं प्रिंटर-घड्याळ चाळीस सेकंद पुढे. भारतातल्या प्रत्येक डेव्हलपरने साडेपाच तासांचा बग आयुष्यात एकदा तरी खाल्लेला असतो. सकाळचे ९:५० म्हणजे यूटीसी ४:२०. पण साडेपाच तासांची चूक लगेच कळते. चाळीस सेकंदांची चूक कळत नाही, आणि 'त्याने आधी वळवलं की मी आधी' हा सगळा वाद त्या चाळीस सेकंदांतच असू शकतो.

उपाय आपल्या कामात करतो तोच. चारही लॉगमध्ये सापडेल अशी एक समान घटना शोधायची. बहुतेक वेळा ती म्हणजे रेडिओवरचं एखादं वाक्य. तेच वाक्य दोन्ही ब्रिजवर आणि बंदराच्या केंद्रात रेकॉर्ड झालेलं असतं. त्या वाक्यावर चारही टाइमलाइन जुळवायच्या, आणि मग मागे-पुढे जायचं.

७०:३० कसे ठरतात

चित्रासारख्याच परिस्थितीत घडलेली, आणि कोर्टाने शेवटपर्यंत उकलून दाखवलेली एक केस सांगतो. ११ फेब्रुवारी २०१५ ची रात्र, दुबईजवळचं जेबेल अली बंदर. 'एव्हर स्मार्ट' हे कंटेनर जहाज बंदराच्या खोदलेल्या मार्गातून बाहेर येत होतं. 'अलेक्झांड्रा १' हा टँकर बाहेर हळूहळू सरकत आत जायची वाट बघत होता. मार्गाच्या तोंडाशी दोघं धडकले. टकरीच्या वेळी एव्हर स्मार्ट १२.४ नॉटवर होतं, अलेक्झांड्रा जेमतेम २.४ वर.

एव्हर स्मार्ट मार्गाच्या उजव्या कडेऐवजी डावीकडे आलं होतं आणि त्याची नजर धड नव्हती. अलेक्झांड्राची चूक तर सिनेमात शोभेल अशी: बंदराचं केंद्र एका टगशी रेडिओवर बोलत होतं, आणि टँकरच्या कॅप्टनला वाटलं हे एव्हर स्मार्टशीच चाललंय. चुकीच्या ग्रुपवरचा मेसेज आपल्याला समजून निर्धास्त बसल्यासारखं.

लंडनच्या कोर्टाने २०१७ मध्ये एव्हर स्मार्टला ८० टक्के आणि अलेक्झांड्राला २० टक्के दोष दिला. प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं. मुद्दा बारीक होता: बंदराच्या तोंडाशी 'अरुंद मार्गाचा' नियम धरायचा की 'आडवं कापण्याचा'? २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, टँकर अजून मार्गात शिरण्याच्या अंतिम वळणावर नव्हता, वाट बघत होता, आणि दोघं सुमारे २३ मिनिटं जवळपास स्थिर बेअरिंगवर एकमेकांकडे येत होते. तेव्हा आडवं कापण्याचाच नियम लागू. त्या नियमाने बाजू द्यायची होती ती टँकरने! मग हिशोब पुन्हा झाला आणि आकडा आला ७०:३०.

बघा, रेकॉर्डिंग तेच राहिलं. त्याला लावलेला नियम बदलला आणि दहा टक्के इकडचे तिकडे झाले. डेटा स्वतःहून निकाल देत नाही, हे आपल्या क्षेत्रातल्या लोकांनी जरा जास्तच लक्षात ठेवायला हवं.

टक्क्यांचं पुढे काय होतं? समजा एका जहाजाचं नुकसान १० कोटी आणि दोष ३० टक्के. दुसऱ्याचं नुकसान ४ कोटी आणि दोष ७० टक्के. दुसऱ्याने पहिल्याला १० कोटींचे ७० टक्के, म्हणजे ७ कोटी द्यायचे. पहिल्याने दुसऱ्याला ४ कोटींचे ३० टक्के, म्हणजे १.२ कोटी. वजावट करून दुसरा पहिल्याला ५.८ कोटी देतो. आपल्याकडे १९५८च्या मर्चंट शिपिंग ॲक्टमध्ये हेच तत्त्व होतं, कलम ३४५. नुकसान दोषाच्या प्रमाणात वाटायचं, आणि प्रमाण ठरवताच आलं नाही तर निम्मं-निम्मं. २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा मंजूर झाला, पण २०१०चं प्रकरण जुन्याच्या काळातलं.

तीन खिडक्या

बातम्यांमध्ये नेहमी घोळ होतो म्हणून सांगतो: अपघातानंतर तीन वेगळ्या चौकश्या चालतात आणि त्यांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

पोलिसांची चौकशी गुन्ह्याची असते. अपघात आपल्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत असेल तर झेंडा परदेशी असला तरी आपले पोलीस गुन्हा नोंदवू शकतात. नौवहन महासंचालनालयाची चौकशी 'हे पुन्हा होऊ नये' यासाठीची आणि अधिकाऱ्यांच्या परवान्यांसंबंधीची असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे निव्वळ सुरक्षा-चौकशीचा हेतू कुणाला दोषी ठरवणं हा नसतोच. आणि पैशांचा निकाल लागतो तिसऱ्या खिडकीवर, म्हणजे फोर्टमधल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नौवाद-अधिकारात. तिथली गंमत म्हणजे दावा थेट जहाजावर लावता येतो. मालक पनामातल्या कुठल्याशा कागदी कंपनीत लपलेला असला तरी जहाज समोर उभं असतं. कोर्ट जहाजालाच 'अटक' करतं आणि जामीन भरल्याशिवाय ते बंदर सोडू शकत नाही.

पण जहाजमालकाला एक मोठी पळवाट कायदेशीर मिळालेली आहे. आंतरराष्ट्रीय करारानुसार तो आपली एकूण जबाबदारी जहाजाच्या टनेजवर ठरलेल्या रकमेपुरती मर्यादित करून घेऊ शकतो. नुकसान त्याच्या दहापट असलं तरी सगळ्या दावेदारांनी त्याच डब्यातून वाटून घ्यायचं. मर्यादा मोडायची तर मालकाने जाणूनबुजून किंवा परिणाम माहीत असूनही बेदरकारपणे केलं, हे सिद्ध करावं लागतं, आणि ते जवळजवळ अशक्य आहे. त्यात, जहाजाच्या स्वतःच्या इंधनगळतीच्या भरपाईचा जो खास आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २०१० मध्ये भारताने स्वीकारलेलाच नव्हता.

आता त्या रिकाम्या बाजारातल्या मावश्यांकडे परत या. ७०:३० की ५०:५०, त्यांना काय फरक? त्यांच्याकडे पावती नाही, विमा नाही, आणि 'त्या आठवड्यात माझी इतकी मासळी खपली नाही' याचा कुठलाही लॉग नाही.

ज्यांच्याकडे ब्लॅक बॉक्स नाही

मोठ्या जहाजाने मच्छीमार बोटीला धडक दिली किंवा जाळी तोडून नेली, ही कोकण किनाऱ्यावर नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी एका बाजूला ४८ तासांचं रेकॉर्डिंग असतं आणि दुसऱ्या बाजूला तांडेलचा शब्द. बऱ्याचदा रात्रीचं जहाज कोणतं होतं हेच कळत नाही. तेव्हा एआयएसची साठवलेली माहिती उलट्या बाजूने कामाला येते: त्या वेळी त्या ठिकाणाहून कोण गेलं, याची यादी काढता येते. पण त्यासाठी बोटीला स्वतःची जागा आणि वेळ नेमकी माहीत हवी.

ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू केली. ते यंत्र इस्रोच्या तंत्रावर, उपग्रहामार्फत बोट आणि किनारा यांच्यातल्या संपर्कासाठी आहे. वादळाचा इशारा, मदतीची हाक यासाठी उत्तमच.

आणि प्रवासी बोटी? १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला चाललेल्या 'नीलकमल' बोटीला इंजिन-चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट धडकली. १५ जणांचा जीव गेला. कुलाबा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. बोटीवर परवान्यापेक्षा जास्त प्रवासी असल्याचंही समोर आलं. इथे कायद्याचा एक फरक समजून घ्या: टक्कर कशामुळे झाली हा एक प्रश्न, आणि टकरीनंतर इतकी माणसं का गेली हा दुसरा. जादा गर्दी किंवा कमी लाइफ जॅकेट पहिल्या प्रश्नाचं उत्तर नसतात, पण दुसऱ्यात त्यांचा वाटा तपासावाच लागतो. दोन्ही एकत्र कालवले की सोशल मीडियावर दोन टोळ्या पडतात.

अशा बोटींवर व्हीडीआर नसतो. त्या दिवशी ती स्पीडबोट कशी आली, हे देशाने बघितलं ते एका प्रवाशाच्या मोबाइलवरच्या व्हिडिओमुळे.

म्हणून तुमच्या फोनबद्दल थोडं. फोनचं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं, उपग्रहांचे सिग्नल थेट पकडतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना रेंज गेली तरी ऑफलाइन ट्रॅक नोंदवणारं कुठलंही ॲप मार्ग आणि वेळ लिहीत राहतं. घरात कुणी मासेमारीला जात असेल तर हे आजच चालू करून द्या, फार तर पॉवर बँक लागेल. आणि कधी काही शूट झालंच, तर मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान होतो आणि मूळ फाइलबरोबरची जागा-वेळेची माहिती हरवते; पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ट्रिम करू नका, गाणं लावू नका, 'एडिटेड' कॉपी वेगळी ठेवा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही नोंदवायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. फोनवर एसएचए-२५६ काढून देणारी फुकट ॲप्स आहेत. शूट झाल्या दिवशीच तो आकडा काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे त्यावर तारीखही पडते.